तांबड्या पाइनचा घरजावई

इसाओकाका आमचे शेजारी. जन्म समुद्रकाठचा, संसार डोंगरातला. कुरामोचींना मुलगा नव्हता, एकुलती एक मुलगी फुमिएकाकू. म्हणून इसाओकाकांना घरजावई करून आणलं. त्या दिवशी त्यांचं आडनाव बदललं, देव्हाऱ्यातले पूर्वज बदलले, सकाळच्या मिसो सूपची चवसुद्धा बदलली. पुढे सगळी नोकरी त्यांनी गावची बस चालवण्यात काढली. बसमध्ये लोक त्यांच्या भरवशावर निवांत घोरायचे. घरी मात्र अंघोळीला आधी कोण जाणार हेही सासरे ठरवायचे.

सासरे म्हणजे गेन्झोआजोबा. नव्वदी कधीच ओलांडलेले, आवाज मात्र चाळिशीचा. त्यांच्या अंगणात तांबडा पाइन होता, त्यांच्या वडिलांनी डोंगरातून पाठीवर आणून लावलेला. शेंदरी साल, कमरेत किंचित मुरडलेलं खोड. पाहुणे आधी पाइनला नमस्कार करत, मग आजोबांना. काकांचा नंबर चहा आल्यावर लागायचा.

काकांच्या माहेरी (घरजावयाच्या घराला दुसरं काय म्हणणार) दारोदार काळा पाइन. त्यामुळे आजोबांची शिकवणी कायम तुलनेने सुरू व्हायची. कुंपणापलीकडून मला ती तोंडपाठ झाली होती.

"तुमच्याकडचा पाइन म्हणजे कोळी माणूस," आजोबा शिडीखालून सांगायचे. "वारा खातो, मीठ खातो, खत घाल तेवढं पचवतो. उन्हाळ्यात त्याचे नवे कोंब बुडापासून छाटले तरी महिन्याभरात पुन्हा फुटतो. हा तसला नाही. याला खत जास्त झालं की पानांच्या सुया लांबून झिपऱ्या होतात, पाणी जास्त झालं की मुळं रुसतात. कोंब वसंतातच खुडायचे, कोवळे असताना, बोटांनी. कात्री कुठे आहे?"

"खिशात, बाबा."

"खिशात कशाला? घरात ठेवून ये."

काका शिडीवरून उतरायचे, कात्री ठेवून यायचे, पुन्हा चढायचे. चाळीस वसंत हेच चाललं होतं.

गेल्या वर्षी हिवाळ्याच्या शेवटी आजोबा अंगणातल्या बर्फावरून घसरले आणि कमरेचं हाड मोडलं. आधी इस्पितळ, मग शेजारच्या शहरातलं वृद्धांचं शुश्रूषागृह. घरी आणता येणार नाही, डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. स्ट्रेचरवरून जाताना आजोबांनी काकांना जवळ बोलावलं आणि म्हणाले, "पाइन सांभाळ." घर सांभाळ नाही, फुमिएला सांभाळ नाही. पण त्या घरात आल्यापासून काकांवर पहिल्यांदाच कुणी काही सोपवलं होतं. त्यानंतर आठवडाभर काका बस चालवताना बसायचे तसे ताठ चालत होते.

तो वसंत इस्पितळाच्या फेऱ्यांत गेला. कोंब खुडायचे राहिले, जून संपेपर्यंत वीत-वीतभर वाढले आणि झाड विस्कटलेलं दिसू लागलं. बोटांनी खुडण्याइतके कोवळे ते आता नव्हतेच. एका सकाळी काका कात्री घेऊन चढले आणि माहेरच्या पद्धतीने एकूण एक कोंब बुडापासून छाटून उतरले.

"अहो इसाओ," माझी आई कुंपणावरून म्हणाली, "न्हाव्याकडे नेऊन आणलंत की काय त्याला?"

"फुटेल वहिनी. महिन्याभरात फुटेल."

तो फुटला नाही. ऑगस्टात पूर्वजांसाठी दारात दिवे लावायचे दिवस आले तेव्हा सुयांचा रंग उतरला होता. सप्टेंबरात सगळं झाड गंजलेल्या खिळ्यांसारखं झालं. काका रोज त्याच्याखाली उभे राहायचे, करायचं काहीच नाही, नुसते उभे.

झाडांची डॉक्टर आली. तरुण बाई होती, मान मोडेपर्यंत वर बघत होती. तिने सालीत छोटं भोक पाडलं आणि थांबली. निरोगी पाइनच्या जखमेतून चीक वाहतो. इथे भोक कोरडं राहिलं.

"किड्याने आणलेली सूक्ष्म अळी," ती म्हणाली. "पाणी चढायचं थांबतं. या डोंगरातले जवळजवळ सगळे तांबडे पाइन तसेच गेले. एकदा लाली दिसली की उपाय नाही."

"मी कात्री लावली होती," काका म्हणाले. "जुलैत."

"झाड अशक्त झालं असेल त्याने."

"म्हणजे कात्रीने गेलं?"

"तसं सांगता येणार नाही."

"मग कात्रीने नाही गेलं?"

"तसंही सांगता येणार नाही, साहेब."

ती निरुपाय होऊन नमस्काराला वाकली, काकाही वाकले. मला वाटतं, काकांना शिक्षा चालली असती. त्यांना हवा होता फक्त निकाल.

किडे वसंतात खोडातून बाहेर पडतात आणि शेजारच्या झाडांवर जातात, म्हणून त्याआधी झाड तोडून जाळणं भाग होतं. आमच्याही दारात दोन काळे पाइन आहेत, त्यामुळे आई रोज काकूंकडे भोपळा नाहीतर मुळा घेऊन जायची आणि विषय काढायची. नोव्हेंबरात झाड पाडलं. घराची पुढची खिडकी उघडी पडली, आणि काका बनियनवर दात घासताना पहिल्यांदाच रस्त्यावरून दिसू लागले.

राहिलं ते आजोबांना सांगणं.

"अहो, सांगून टाका," काकू म्हणाल्या.

"तू सांग. वडील तुझे."

"झाड तुमच्यावर सोपवलं होतं."

काका दर रविवारी सांगायचं ठरवून जात आणि न सांगता परत येत. आजोबा उशीवरून विचारायचे, "जुन्या सुया काढल्यास?" झाड सरपण होऊन गेलेलं, आणि काका सांगायचे, "वरच्या फांदीपासून सुरुवात केलीय, बाबा. हाताने." आजोबा डोळे मिटून ऐकायचे. मध्येच टोकायचे, "उत्तरेच्या फांदीवर जरा जास्त ठेव." काका म्हणायचे, "ठेवल्यात."

डिसेंबरात आजोबा म्हणाले, "नव्या वर्षाला आपल्या पाइनची एक डहाळी आण. इथे फुलदाणीत प्लास्टिक ठेवतात."

त्या आठवड्यात काकांची गाडी दुरुस्तीला होती, म्हणून मी त्यांना घेऊन डोंगर पालथा घातला. जिकडे तिकडे वाळून पांढरे पडलेले सोट. एका कड्यावर एक तांबडा पाइन जिवंत सापडला. पहिली फांदी तिसऱ्या मजल्याइतकी उंच. दोघं खाली उभे राहून मान वर करून बघत राहिलो.

"काका, तुम्ही चढा. मी मदतीला हाका मारतो."

"गप रे नाओ."

फुलवाल्याकडेही काळाच होता. शेवटी काळाच न्यायचा तर निदान आपल्या घरचा, म्हणून काका माहेरी गेले आणि भावाच्या अंगणातली डहाळी घेऊन आले. दिसायला सुबक. आजोबांना लांबचं तर सोडाच, जवळचंही धुरकट दिसतं, हा त्यांचा हिशेब. मला तो पटला होता, म्हणजे आम्ही दोघंही बस चालवण्याच्याच लायकीचे.

रविवारी मी दाराशी उभा होतो. काकांनी डहाळी आजोबांच्या हातात दिली. आजोबांनी ती बघितलीच नाही. सुयांची टोकं तळहातावर दाबली. तांबड्याच्या सुया मऊ असतात, दाबल्या की वळतात. या वळल्या नाहीत.

"ही तुझ्या गावची आहे," आजोबा म्हणाले.

काका फुलदाणीतलं प्लास्टिक काढू लागले.

"कधी तोडला?"

"नोव्हेंबरात."

"जाळलास ना नीट? शेजारी पाइन आहेत."

"जाळला, बाबा." मग घाईघाईने म्हणाले, "मी जुलैत कात्री लावली होती. कोंब बुडापासून छाटले. तुमच्याच झाडाला. तुम्ही नको म्हणाला होतात तरी."

आजोबा बराच वेळ तळहात अंगठ्याने चोळत राहिले. मी शिव्यांची वाट पाहत होतो, आणि काका तर माझ्याहून जास्त.

"पाण्यात ठेव ती," आजोबा म्हणाले. "सुकेल."

त्यानंतर त्यांनी पाइनचं नाव काढलं नाही. जेवण, थंडी, शेजारच्या खाटेवरच्या म्हाताऱ्याचं घोरणं, एवढंच बोलतात. मार्चमध्ये काका रोपवाटिकेत गेले. अळीला दाद न देणारी रोपं मिळतात म्हणे, दोन्ही जातींची. तिथून ते थेट शुश्रूषागृहात गेले आणि खाटेच्या कडेला बसून विचारलं, "बाबा, कोणता लावू? तांबडा की काळा?"

"घर तुझं आहे," आजोबा म्हणाले. "तुला हवा तो लाव."

तरुणपणापासून जे ऐकायला काकांचे कान आसुसले होते, तेच त्यांनी ऐकलं. ऐकून उठले, बाहेर आले आणि गाडीत बसून राहिले. मग पुन्हा आत गेले आणि पुन्हा तेच विचारलं.

आता मे लागला. अंगणात खड्डा खणून ठेवलाय, खोल, नीट चौकोनी. काका दर रविवारी विचारतात, "बाबा, निदान खत किती घालू ते तरी सांगा." आजोबा भिंतीकडे कूस वळवतात. म्हणतात, "तू बघ."