आज वार कोणता

फोन आला तेव्हा मी भात उतरवत होते. नागपूरहून पुतण्या म्हणाला, "मोठीआई, आई गेली." मी भात झाकला, मग खाली बसले. कौसल्या माझी धाकटी जाऊ. पवनीजवळच्या आमच्या घरात जन्मभर माझ्याशी भांडली. दोनदा चूल वेगळी केली, दोनदा परत एक.

तिचं लिव्हर निकामी होत आलं होतं. दारूचा थेंब घेतला नाही; जुन्या काविळीचे जंतू रक्तात राहून गेले होते. तरी बाया कुजबुजायच्या. ती तोंडावर म्हणायची, "पेऊन राहिली ना मी, तुमच्याच नवऱ्यांसंगं." पोटात पाणी भरायचं. डॉक्टरांनी बजावलं होतं, त्या पाण्यात जंतू वाढले तर उशीर चालत नाही. पोट दुखलं, बोलणं भलतं झालं, की त्याच दिवशी आणा, ताप नसला तरी. मी चौथी पास, ती अंगठा. म्हणून थर्मामीटर बघायचं काम माझं. रोज सकाळी पारा बघायचा आणि डोकं ठिकाणावर आहे का, म्हणून वार विचारायचा.

"आज वार कोन्ता वं?"

"तुह्या लग्नाचा."

मग हसायची आणि खरा वार सांगायची.

धानाच्या रोवणीच्या दिवसांत एका सकाळी पारा ठीक होता. वार विचारला तर म्हणाली, "बाई, भावजी बांधीतून आले नाई का अजून?" भावजी म्हणजे माझा नवरा. तो मरून सहा वर्षं झालीत. मी म्हटलं, "पुरे तुहे चाळे." ती हसली नाही. वारही सांगितला नाही... शेतात, धानाच्या बांधीत, बाया रोपं लावायला खोळंबल्या होत्या. मी गेले.

संध्याकाळी हाक मारली तर डोळे उघडेना. नागपूरला नेलं. पोटातल्या पाण्यात जंतू झालेच होते. भारी औषधं चालली, तर तोंडात-घशात पांढरी बुरशी धरली. तिचंही औषध झालं. मग किडन्या बसल्या.

"ताप नव्हता," मी डॉक्टरांना म्हटलं.

"या आजारात कधी कधी येतच नाही, आजी. सांगितलं होतं."

सांगितलं होतं. मी ऐकलंही होतं.

लोक म्हणतात, तिची वेळ भरली होती. भरली असेल. पण तो एक दिवस मी घालवला.

थर्मामीटर अजून कोनाड्यात, स्टीलच्या पेल्यात उभा आहे. सकाळी चहा ठेवला की हात तिकडे जातो. रिकाम्या खाटेकडे पाहून तोंडातून निघतं, आज वार कोन्ता वं... मग मीच सांगते. बरोबर सांगते.