नेजकरांच्या पेपरचं कुलूप

गोमटेश नेजकर यांच्या कोल्हापुरातल्या सायंदैनिकाचं नाव ‘उगवती’. संध्याकाळी निघणाऱ्या पेपरला हे नाव कसं, असं कुणी विचारलं की ते भिंतीवरच्या वडिलांच्या फोटोकडं बोट दाखवायचे. नाव वडिलांनी ठेवलेलं. घर जैन, सूर्यास्ताआधी जेवायचा नेम असल्यामुळं दुपारीच छपाई उरकायची पद्धतही त्यांचीच.

पुतणी प्राची पुण्याहून शिकून आली आणि तिनं पेपर मोबाईलवर आणला. लोक फुकट वाचू लागले, वाचणारे वाढले, आणि गंगावेशीतल्या स्टॉलवर अंकांचे गठ्ठे तसेच पडून राहू लागले. तेव्हा नेजकरांनी ठरवलं, मोबाईलवरच्या बातम्यांना कुलूप. वर्गणी भरेल त्यालाच वाचता येईल.

पहिली वर्गणी नृसिंह धर्माधिकारी यांनी भरली. ते गणिताचे निवृत्त शिक्षक, नेजकरांचे शाळेपासूनचे मित्र. नेजकरांना बरं वाटलं.

काही दिवसांनी नेजकर केस कापायला गेले. खुर्चीत बसल्या बसल्या त्यांना शेजारच्या माणसाच्या फोनवर आपलाच पेपर दिसला.

“वर्गणी भरली काय, पावणं?”

“कशाला? धर्माधिकारी सर धाडत्यात की ग्रुपवर. रोज सगळी पानं येत्यात.”

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी धर्माधिकारींना रंकाळा तलावावर फिरताना गाठलं. धर्माधिकारींनी काहीच नाकारलं नाही.

“पेपर चांगला आहे म्हणून पाठवतोय. तुझी जाहिरातच होतेय की.”

“तुझ्या शिकवणीला एकच पोरगं फी भरून बसलं असतं, आणि बाकीची खिडकीतनं ऐकत उभी राहिली असती, तर?”

“चाललं असतं. शिकली असती पोरं.”

“तुला शाळेचा पगार होता. मला न्हाई.”

तरी धर्माधिकारींनी पाठवणं थांबवलं नाही. नेजकरांनी प्राचीला सांगून त्यांचं खातं बंद केलं आणि वर्गणी परत केली. त्या दिवसापासून दोघांचं बोलणं तुटलं. सकाळी रंकाळ्यावर एकमेकांना पाहिलं की एकजण वाट बदलायचा.

पावसाळा संपता संपता त्यांचा तिसरा शाळासोबती आकाराम, कळंब्यात राहणारा, अचानक गेला. ‘उगवती’त बातमी आली, खाली रक्षाविसर्जनाची वेळही होती. नेजकरांनी धर्माधिकारींना कळवावं म्हणून फोन हातात घेतला, नंबर काढला, आणि फोन तसाच खाली ठेवला. वाचलं असेल त्यानं कुठं तरी, असं स्वतःला सांगितलं. रक्षाविसर्जनाला ते एकटेच गेले.

धर्माधिकारींना हे भाजी मंडईत कळलं, तेही आठवडा उलटल्यावर. पिशवी हातात तशीच घेऊन ते ‘उगवती’च्या कचेरीत आले.

“आकाराम गेला आणि मला कळलं नाही.”

“पेपरात होतं,” नेजकर म्हणाले.

“कुलपात होतं.”

नेजकरांनी प्राचीला हाक मारली.

“निधनवार्ता उघड्या कर. आत्ताच्या आत्ता.”

“काका, लोक त्याच तर वाचायला येतात. त्या फुकट दिल्या तर वर्गणी कोण भरणार?”

“न्हाई भरली तर न्हाई भरली. कोण मेलं हे सांगायला पैसं घ्यायचं न्हाईत.”

धर्माधिकारी जायला निघाले. नेजकर चपला घालून त्यांच्या मागं उतरले आणि स्कूटर काढली. “चल कळंब्याला,” एवढंच म्हणाले. धर्माधिकारी मागं बसले.

आकारामची बायको चिमणाबाई दारातच बसली होती. तिनं दोघांना पाणी दिलं आणि धर्माधिकारींना विचारलं, “मास्तर, रक्षेला दिसला न्हाईसा?”

नेजकरांनी मान खाली घातली.

“गावाला गेलतो, वहिनी,” धर्माधिकारी म्हणाले. “गोमटेशनं कळवलं होतं. मलाच येता आलं नाही.”

परतताना नेजकरांनी रस्त्याच्या कडेला स्कूटर थांबवली. “का सांगितलंस तसं?”

“तिला कशाला आपली भांडणं?” धर्माधिकारी म्हणाले. “चल, तुझी जेवायची वेळ टळेल.”

प्राचीचं म्हणणं काही अंशी खरं ठरलं. निधनवार्ता उघडल्यावर बऱ्याच जणांनी वर्गणी पुन्हा भरली नाही. नव्यानं भरली ती बाहेरगावच्या कोल्हापूरकरांनी. पुण्यात, दुबईत बसलेल्या लोकांना पेठेतल्या तालमींच्या फुटबॉल संघांच्या मॅचची बित्तंबातमी हवी होती, आणि ती दुसरीकडं एवढी सविस्तर मिळत नव्हती. प्राचीनं त्यासाठी एक वेगळा बातमीदार नेमला. छापील अंकाची पानं मात्र कमी करावी लागली, आणि पुढच्या वर्षी तो आठवड्यातून तीनच दिवस निघू लागला.

धर्माधिकारींनी पुन्हा वर्गणी भरली नाही आणि नेजकरांनी तसं सुचवलंही नाही. अंक निघेल त्या दिवशी धर्माधिकारी स्टॉलवर जाऊन तो विकत घेतात, आणि छपाईची एखादी चूक सापडली की नेजकरांना फोन करून ती सांगतात. नेजकर ऐकून घेतात.