रक्त वाहतंय त्याला अडवायचं नाही

लहानपणी तिला पैलवान व्हायचं होतं. वर्गात बाईंनी एकेकीला उभं करून मोठेपणी कोण होणार म्हणून विचारलं, तेव्हा आधीची मुलगी नर्स म्हणाली, नंतरची विमानातली बाई म्हणाली, आणि मधे ही. सगळा वर्ग हसला. सर्वांत जास्त हसला तो हेडमास्तरांचा मुलगा. मधल्या सुट्टीत तिने त्याच्या एका पायाला मिठी घातली, उचलला आणि पाण्याच्या टाकीजवळच्या फरशीवर आपटला. त्याचं गळपट्टीचं हाड मोडलं. वाळकी काटकी मोडावी तसा आवाज झाला, आणि खरं सांगायचं तर तो आवाज तिला आवडला.

वडील लिफ्ट दुरुस्त करायचे. संध्याकाळी त्यांनी तिला पट्ट्याने फोडून काढलं, आणि मारून दमल्यावर स्वतःच तिचा हात धरून कुस्तीच्या वर्गात घालून आले. "मारायचंच असेल तर नियमात मार," म्हणाले. तिथे ती वाढत्या वयाची सगळी वर्षं मुलांना लोळवत राहिली. मग गुडघा निखळला, तो पुन्हा नीट बसलाच नाही, आणि घरच्यांनी घाईघाईने लग्न उरकलं. 'पैलवान' हे नाव मात्र चिकटलं ते चिकटलंच.

नवरा बाहेर गाईसारखा गरीब, घरात हात उचलणारा. ती मार खायची. शेजारणी म्हणायच्या, अगं तू एवढी दणकट, तू का ऐकून घेतेस? ती सांगायची, मी एकदा हात लावला तर तो उठायचा नाही. शेजारणींना वाटायचं थट्टा करते आहे. एक दिवस नवऱ्याने जेवता जेवता पोराच्या थोबाडीत दिली. पोर खुर्चीवरून खाली गेलं, नाकातून रक्त आलं. तिने हातातलं ताट शांतपणे बाजूला ठेवलं, नवऱ्याला कमरेत धरून उचलला आणि जेवणाच्या टेबलावर पाठीवर आपटला. टेबल मोडलं, दोन बरगड्याही मोडल्या. तो चार दिवस पडून होता, पाचव्या दिवशी घर सोडून गेला तो कायमचा. त्या वेळी पोरगा जमिनीवर बसून, रक्ताच्या नाकाने, टाळ्या वाजवत होता. तिला तेव्हा बरं वाटलं होतं. पुढे त्या टाळ्या आठवल्या की ते बरं वाटणंच तिला नकोसं व्हायचं.

पोराला सगळे भोंगा म्हणायचे, कारण त्याला रुग्णवाहिकेचा ड्रायव्हर व्हायचं होतं. पातेल्याचं झाकण हातात धरून तो घरभर भोंगा वाजवत पळायचा. खालच्या मजल्यावरचे आजोबा काठीने छत ठोकायचे. आई तोवर मोठ्या इस्पितळात, अपघात विभागाच्या दारावर रखवालदार म्हणून लागली होती. इतर मुलांना गोष्टीत राजे लागतात, याला आईच्या दाराच्या गोष्टी लागायच्या.

"आज कोण आलं?"

"एकाच मारामारीतली दोन्हीकडची पोरं आली."

"मग आत पुन्हा भांडली?"

"भांडतील कशी? आम्ही एकाला समोरच्या खोलीत टाकतो आणि दुसऱ्याला उजवीकडच्या, औषधांच्या कपाटामागे. तिथे खोली आहे हे बाहेरच्याला दिसतसुद्धा नाही."

"आणि हेल्मेट?"

"हेल्मेट, पट्टा, काठी सगळं दारात काढून घ्यायचं. हेल्मेटने डोकी फुटतात रे. फक्त गाडीवरून पडलेल्या माणसाचं काढायचं नाही. मानेला लागलेलं असतं, ते डॉक्टरच काढतात."

"आणि रक्त येत असलं तर?"

"रक्त वाहतंय त्याला अडवायचंच नाही. नाव नाही विचारायचं, गाव नाही विचारायचं. आधी आत."

तिला वाटायचं, पोराला पुढे कामाला येईल हे.

भोंग्याने शाळा अर्ध्यावर सोडली. रुग्णवाहिका चालवायला परीक्षा द्यावी लागते, ती काही झाली नाही. गाडी चालवायचा परवाना मात्र मिळाला, आणि एका ठेकेदाराच्या उचलगाडीवर काम मिळालं. रस्त्यात नको तिथे उभी केलेली मोटार आकड्याला लावायची आणि ओढून न्यायची. "आई, पेशंटच उचलतोय ना," तो म्हणायचा, "फक्त चार चाकांचे." ती हसायची. पण ज्याची मोटार उचलली तो धावत येतो, आधी शिवी देतो, मग दार धरतो, आणि उचलगाडीवरची पोरं खाली उतरतात. भोंगा घरी यायचा तेव्हा त्याच्या बोटांची पेरं सोललेली असायची.

"कुणाला मारलंस?"

"ज्याने आधी हात उचलला त्याला."

"आणि आधी कुणी उचलला?"

"तुझ्यासारखाच उचलला," म्हणून तो हसत अंघोळीला जायचा. ती मलमाची डबी हातात घेऊन तशीच उभी राहायची.

पुढे त्याच भागात दुसऱ्या ठेकेदाराच्या गाड्या आल्या. बाजाराचा रस्ता कुणाचा यावरून पोरांची डोकी फुटू लागली. एकाचा कान गेला. एका गाडीच्या काचा आत माणूस बसलेला असताना फोडल्या. भोंगा यातलं घरी काही सांगेनासा झाला, आणि ती विचारेनाशी झाली. दारावर दर वेळी स्ट्रेचर आलं की आधी बूट बघायची. भोंग्याचे नाहीत हे पटलं की मगच वर तोंडाकडे बघायची.

त्या दिवशी दुपारी असंच एक स्ट्रेचर आलं. बूट भोंग्याचे नव्हते. दुसऱ्या ठेकेदाराच्या गाडीवरचा पोरगा होता, पोटात आणि मांडीत भोसकलेला. जखमा लहान आणि गोल होत्या, पण चादर काळी पडली होती. त्याला शुद्ध नव्हती. डॉक्टरीणबाई वयाने तिच्या पोरापेक्षा फार मोठ्या नसाव्यात. त्यांनी त्याला उजवीकडच्या खोलीत घ्यायला सांगितलं. बाहेर त्याचे सोबती गोळा झाले. तिने आणि तिच्या जोडीच्या म्हाताऱ्या रखवालदाराने, मामाने, मिळून त्यांचे पट्टे उतरवले, एकाच्या पाठीमागे खोवलेली साखळी काढली. एकाने मामाच्या तोंडावर ठोसा मारला. पैलवानने त्याचं मनगट धरून असं काही वळवलं की तो गुडघ्यावर येऊन माफी मागू लागला.

"दात गेला का, मामा?"

"हलत होताच," मामा थुंकत म्हणाला. "डेंटिस्टचं काम वाचलं."

तेवढ्यात गर्दीतून एक जण आला. डोक्यावर हेल्मेट, काच खाली ओढलेली, उजवा हात शर्टाच्या आत घट्ट धरलेला आणि डाव्या हातातून रक्ताची धार. पँट गुडघ्याला फाटलेली. गाडीवरून पडलेला असावा. "रस्ता द्या," ती ओरडली. लोक बाजूला झाले, तीही झाली. हेल्मेटला हात लावला नाही, आणि स्ट्रेचर नव्हतं म्हणून बुटांकडेही बघितलं नाही. तो तिच्या अगदी जवळून आत गेला, फरशीवर थेंब टाकत.

सवयीने तिने मागे वळून पाहिलं. जखमी माणूस आत शिरला की एकतर स्वतःच्या जखमेकडे बघतो, नाहीतर डॉक्टर शोधतो. हा कशाकडेच बघत नव्हता. समोर डॉक्टरीणबाई हात करून बोलावत होत्या, त्यांना ओलांडून तो सरळ औषधांच्या कपाटाकडे निघाला. कपाटामागे खोली आहे हे बाहेरच्या कुणाला माहीत नव्हतं. तिने ते एकाच माणसाला सांगितलं होतं, त्याला वरण भरवताना.

ती धावली. गुडघा दुखऱ्या दातासारखा ठणकला. ती कपाटापाशी पोचेपर्यंत तो पलंगाशी होता आणि शर्टात लपवलेला उजवा हात बाहेर आला होता. त्यात घासून टोक काढलेला लांब स्क्रूड्रायव्हर होता, मोटारीचं दार उचकटायचा. पलंगावरचा पोरगा उघड्या तोंडाने पडलेला, नाकात नळी. हात वर गेला.

तिने खाली झेप घेऊन त्याचा एक पाय कवटाळला आणि उचलला. तो तोंडावर पडला. हेल्मेट फरशीवर आपटलं, सलाईनची काठी आडवी झाली, बाटली फुटली. तो पडल्या पडल्या मागे वार करत होता. पहिला वार हवेत गेला, दुसरा तिच्या मांडीत शिरला. तिने पाय सोडला नाही. सरकत त्याच्या पाठीवर आली, उजवा हात मनगटाशी धरला आणि पाठीवर वर ओढू लागली.

"आई," हेल्मेटमधून आवाज आला. "आई, सोड."

"टाक ते खाली."

"तो शुद्धीवर आला तर माझं नाव घेईल. कळत नाही का तुला? सोड."

म्हणजे त्या गोल जखमाही यानेच केल्या होत्या. तिच्या मांडीत शिरलेलं टोक दुपारी त्या पोराच्या पोटात होतं. तिने हात अजून वर नेला. कुठल्या बिंदूला खांदा सुटतो हे तिच्या हातांना अजून पाठ होतं. त्या बिंदूवर ती क्षणभर थांबली.

"टाक, भोंग्या."

त्याने टाकलं नाही. उलट पलंगावरून खाली लोंबणारी त्या पोराची नळी धरायला डाव्या हाताने झडप घातली. तिने खांदा निखळवला. आवाज झाला. तो असा किंचाळला की बाहेरची गर्दी गप्प झाली. स्क्रूड्रायव्हर घरंगळत कपाटाखाली गेला.

मग तिला दिसलं की त्याच्या डाव्या हातातून रक्त थांबतच नव्हतं. आत घुसण्यापुरताच त्याला स्वतःचा हात कापायचा होता, पण ब्लेड खोल गेलं होतं. तिच्या गुडघ्याखाली फरशी कोमट झाली.

"मरेन मी," तो रडत म्हणाला. "खरंच मरेन. ऊठ अंगावरून."

खरं बोलतोय की पुन्हा उठून पलंगाकडे जाईल, हे तिला कळेना. आयुष्यात पहिल्यांदाच तिला आपल्या पोराच्या बोलण्याचा काहीच अंदाज येईना. ती उठली नाही.

"मॅडम," तिने हाक मारली, "टाके इथेच घाला. मी याला सोडणार नाही."

"अहो, अशा अवस्थेत? आधी उठा तुम्ही."

"मी उठले तर तो त्या पोराला मारेल. घाला इथेच."

डॉक्टरीणबाई फुटलेल्या काचांत गुडघे टेकून बसल्या. शीर त्यांनी चिमट्यात पकडली. भोंगा शिव्या देत होता, आधी डॉक्टरांना, मग आईला, मग बापाला. शेवटी नुसताच हुंदके देत राहिला, आणि ती त्याच्या पाठीवर सगळं वजन टाकून, तोंड त्याच्या हेल्मेटला टेकवून पडून होती. बाहेरून बघणाऱ्याला वाटलं असतं, पोराला कुशीत घेतलंय.

पोलीस आले. त्याला दुसऱ्या मजल्यावर पलंगाला बेडी घालून ठेवला. तिच्या मांडीला पट्टी झाली. मामाने तिला कोपऱ्यात नेलं आणि स्वतःच्या डब्याच्या पिशवीत हात घालून हळू आवाजात म्हणाला, "कपाटाखालून मीच उचललंय. कुणी बघितलं नाही. डॉक्टरीणबाईंचं लक्ष रक्ताकडे होतं. मित्राला बघायला आला, तू ओळखलं नाहीस, झटापट झाली. संपलं. पैलवान, एकच पोरगा आहे तुला."

तिने मामाच्या सुजलेल्या ओठाकडे पाहिलं.

"ते टेबलावर ठेव, मामा."

"विचार कर."

"विचार केला तर पिशवीतच राहील ते. ठेव."

मामाने ठेवलं, तिच्याकडे न बघता. तिने पोलिसाला सगळं सांगितलं. खोलीचं आपणच सांगितलं होतं, हेल्मेटचं आपणच सांगितलं होतं, आणि तो काय म्हणाला तेही, शब्द न् शब्द. पोलीस मधेच लिहायचा थांबला. "बाई, हे तुम्ही नाही सांगितलंत तरी चालेल," म्हणाला. ती म्हणाली, "लिहा."

ती दाराशी परत येत होती तेव्हा पलीकडून एक बाई आली. अंगात लाँड्रीच्या कामाचा एप्रन, हात गरम पाण्याने लाल झालेले. उजवीकडच्या खोलीतल्या पोराची आई. कुणीतरी तिला बोट दाखवून सांगितलं असावं.

"तुझा आहे तो?"

"हो."

पहिली थप्पड इतकी जोरात बसली की पैलवानचं डोकं भिंतीला लागलं. मग मुठी सुरू झाल्या, तोंडावर, छातीवर, पट्टी बांधलेल्या मांडीवर. त्या बाईने तिचे केस धरून डोकं पुन्हा भिंतीवर हाणलं. ओठ फुटला. मामा धावला तशी पैलवानने मानेनेच त्याला नको म्हटलं. तिने दोन्ही हात पाठीमागे घेऊन एकमेकांत घट्ट अडकवले होते. आपले हात काय करतील याची तिला खात्री नव्हती.

बाई मारून मारून थकली. मग पडू नये म्हणून तिने पैलवानचीच कॉलर धरली आणि लोंबकळत उभी राहिली.

"वाचेल का गं तो?"

"वाचेल म्हणाल्यात मॅडम. तू आत जा. डोळे उघडले की तू दिसायला हवीस त्याला."

"उघडले की नाव सांगेल तो. तुझ्या पोराचं."

"सांगू दे."

"आणि तुझ्या पोराच्या ठेकेदाराची बाकीची पोरं आली मग?"

"मी दारात आहे," पैलवान म्हणाली.

बाईने कॉलर सोडली, तिच्याकडे एकदा नीट बघितलं आणि कपाटामागे गेली. मामाने खुर्ची पुढे सरकवली. पैलवानने ती दाराच्या मधोमध ओढून घेतली आणि दुखरा पाय लांब करून बसली.