जोड्यांचं माप द्यायला उमरग्यापर्यंत

जोडे घ्यायला कुणी पुण्याहून उमरग्याला जातं का? आम्ही गेलो, तेही दोनदा. हा लेख वाचून तुम्हीही जाल अशी मला खात्री आहे, म्हणून रस्ता, जेवण, खर्च सगळं सांगते. पण आधी जावं का लागलं ते सांगते.

मी शाळेत गणित शिकवते. दिवसाला पाच तास फळ्यापुढं उभी. वीस वर्षांत माझ्या उजव्या पायाच्या अंगठ्याच्या मुळाशी हाड वर आलं आणि करंगळी शेजारच्या बोटाखाली जाऊन बसली. दुकानात गेलं की ठरलेलं उत्तर मिळायचं, "मॅडम, एक नंबर मोठा घ्या." मोठा नंबर म्हणजे लांबीला मोठा. बोटांपाशी तो तितकाच निमुळता, आणि वर टाच सटकणार. मग वाचनात ते 'अनवाणी' प्रकारचे जोडे आले. तळ पातळ, टाच सपाट, पुढं बोटांना पंख्यासारखं पसरायला जागा. ऑनलाइन मागवले. कल्पना उत्तम होती, पण कापड रबरासारखं, दुपारपर्यंत पाय आत घामानं भिजायचे, आणि साडीवर ते पळायला निघालेल्या बाईसारखे दिसायचे. परत पाठवले. मला हवे होते तसेच, पण चामड्याचे आणि रोज शाळेत घालता येतील असे.

आमच्या शाळेच्या ग्रंथपाल पाटीलबाई मूळच्या उमरग्याच्या. एकदा त्यांच्या पायाकडं लक्ष गेलं. तपकिरी, साधे, पुढून चांगले रुंद जोडे.

"हे कुठून घेतले?"

"घेतले नाहीत, शिवून घेतले. आमच्याकडं मालनबाई आहेत. पण त्या फोनवर माप घेत नाहीत हं. पाय घेऊन जावं लागतं."

घरी सांगितल्यावर सुधीर, म्हणजे माझा नवरा, पोट धरून हसला. तो बँकेत शाखाधिकारी आहे. त्याचे जोडे काळे, टोकदार, रोज सकाळी स्वतः पॉलिश केलेले. "बदकाचे जोडे शिवायला साडेतीनशे किलोमीटर?" असं म्हणाला खरा, पण मार्चमध्ये दोन सुट्ट्या जोडून आल्या तेव्हा गाडीची किल्ली त्यानंच उचलली. तुळजापूरचं दर्शन बरेच दिवस राहिलं होतं. अजून एक गोष्ट सांगून ठेवते, त्याला नऊ वर्षं मधुमेह आहे. गोळी घेतली की आपलं काम संपलं, असं त्याचं मत होतं.

पहिला दिवस. पहाटे साडेपाचला निघालो, वाटेत इंदापूरच्या अलीकडं पोहे खाल्ले आणि साडेदहाला सोलापूर ओलांडलं. सोलापूर ते तुळजापूर रस्ता सरळ आणि रुंद आहे, तासाभरात पोचता. आम्ही एका पुजाऱ्यांच्या घरची खोली घेतली, बाराशे रुपयांत, स्वच्छ आणि देवळापासून पाच मिनिटांवर. पुजाऱ्यांच्या घरचं जेवण सांगून ठेवा. ज्वारीची भाकरी, येसराची, म्हणजे भाजलेल्या धान्याच्या मसालेदार पिठाची आमटी आणि शेंगदाण्याची चटणी. मी दोन भाकऱ्या मोडल्या आणि तिसरी मागायला लाजले नाही.

दर्शनाला आम्ही भर दुपारी गेलो, ही चूक. गर्दी कमी असते, पण दगड तापलेला असतो. उतरत्या पायऱ्यांवर माझे पाय कित्येक महिन्यांनी मोकळे झाले. दहाही बोटं दगड धरत होती, आणि आपल्याला जोडा कसा हवा ते मला तिथंच नीट कळलं. पटांगणात मात्र सगळे काथ्याच्या पट्टीवरून पळत होते. मीही पळाले. सुधीर पट्टी सोडून उघड्या फरशीवरून शांतपणे, हात मागं बांधून चालत आला.

"चटके बसत नाहीत का रे?"

"मनाची ताकद," तो म्हणाला. शेजारच्या एका आजोबांनी कौतुकानं मान हलवली. मलाही कौतुकच वाटलं.

दुसरा दिवस. मालनबाईंनी फोनवर बजावलं होतं, "चारच्या म्होरं या. सकाळी पाय बारीक असतोय. दिसभर चालून फुगला की माप घ्याचं." मग दिवसभर चालायला नळदुर्गसारखी दुसरी जागा नाही. तुळजापूरहून सकाळी निघालात तर पाऊण-एक तासात किल्ल्यात असता. पाणी आणि टोपी बरोबर ठेवा, आत सावली थोडी आहे आणि किल्ला अफाट आहे. धबधबे पावसाळ्यातच वाहतात. मार्चमध्ये बंधारा कोरडा होता, पण त्या भिंतीच्या पोटात बांधलेल्या पाणीमहालाच्या खिडकीत उभं राहिलं की बोरी नदीवरून गार वारा येतो. तो वाराच तिकिटाचे पैसे वसूल करून देतो. मी उपळी बुरुजाच्या पायथ्याशी बसून राहिले, करंगळी ठणकत होती. सुधीर त्याच टोकदार जोड्यांनी वर चढला, वरून हात हलवला, खाली आला, पुन्हा तटावरून फिरला. तीन तास. मला त्याचा हेवा वाटला.

नळदुर्गहून उमरगा तासाभराचा रस्ता. हैदराबादकडं जाणारे ट्रक रांगेनं चाललेले असतात, ओव्हरटेक करायची घाई करू नका. उमरग्यात शिरताच दोन गोष्टी दिसतात, ट्रकचे सुटे भाग आणि दवाखाने. कर्नाटकातूनही पेशंट येतात, त्यामुळं पाट्यांवर मराठीशेजारी कन्नड. अशाच एका दवाखान्याच्या समोरच्या बोळात मालनबाईंचं दुकान आहे, दहा बाय बाराचं. साठीच्या असतील. पांढरे केस घट्ट बांधलेले, हातात चामडं कापायची रापी, भिंतीला लाकडी पायांचे साचे टांगलेले. मी त्यांना मावशी म्हणू लागले ते लगेच.

त्यांनी मला जमिनीवर कागद टाकून त्यावर उभं केलं. दोन्ही पायांवर सारखा भार. "बसून माप दिलं की जोडा बसल्यावरच बसतोय," त्या म्हणाल्या. पेन्सिल उभी धरून पायाभोवती फिरवली. मग माझा जुना जोडा त्या आकृतीवर ठेवला. माझा पाय जोड्याच्या दोन्ही बाजूंनी बोटभर बाहेर होता.

"बगा बाई. एवढा पाय तुमी रोज कुठं ठिवत होता?"

मला हसू आलं आणि रडूही. मावशींच्या तोंडून त्या तासाभरात जे शिकले ते कुठल्या जाहिरातीत नव्हतं. लांब बोटापुढं अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा. रुंदी बोटांपाशी हवी, टाचेशी नको. वरून पट्टा किंवा नाडी पाहिजेच, नाहीतर पाय पुढं घसरून रुंदीचा उपयोग संपतो. आणि जोडा हातात धरून वाकवायचा. जिथं आपली बोटं वाकतात तिथंच तो वाकला तर घ्यायचा. चामडं त्यांनी बाभळीच्या सालीनं कमावलेलं दाखवलं, मऊ आणि जरा उग्र वासाचं.

माझं झालं. सुधीर दारात उभा राहून फोन बघत होता.

"दादा, तुमचं बी घेऊ का माप?"

"नको नको. माझे जोडे उत्तम आहेत."

"शिवू नका. माप तरी बगू. शुगर हाय का तुमाला?"

त्यांनी कशावरून ओळखलं ते मी नंतर विचारलं. तो उभा असताना पाऊल टेकवत होता ते त्यांना सपाट, बेखबर वाटलं म्हणे. सुधीर अवघडला. "मावशी, तुम्ही मोठ्या आहात. माझ्या पायाला हात नका लावू."

"पायाला हात लावल्याबगर जोडा कसा व्हायचा? बसा."

तो बसला. डावा जोडा काढला आणि आतून हरभऱ्याएवढा खडा टपकन फरशीवर पडला. मोजा निघेना. मावशींनी हात धरून थांबवलं, पाणी आणलं, मोजा भिजवून हळूच सोडवला. अंगठ्याच्या खाली जुन्या चार आण्याच्या नाण्याएवढी जखम, कातडी गेलेली, मोज्याला रक्त वाळलेलं.

"कवा लागलं हे?"

सुधीर जखमेकडं दुसऱ्या कुणाचा पाय असल्यासारखा बघत होता. "किल्ल्यावर शिरला असेल खडा. पण मला तर काहीच टोचलं नाही."

"त्येच तर वाईट हाय, दादा," मावशी म्हणाल्या. "टोचाय पायजे."

पेन्सिल खाली ठेवून त्या उठल्या. दुकान उघडंच टाकलं आणि आम्हाला समोरच्या दवाखान्यात घेऊन गेल्या. सुधीर वाटेत चिडला. एवढ्याशा फोडासाठी डॉक्टर कशाला, माझा पाय माझा आहे. मावशी शांतपणे म्हणाल्या, "आमच्या मालकाचा पाय बी त्यांचाच व्हता. जोडे शिवणारा माणूस. घोट्यापातुर काढावा लागला." सुधीर दवाखान्याच्या पायऱ्या चढला.

डॉक्टरबाई तरुण होत्या. जखम धुतली, पट्टी केली, साखर तपासली. ती चांगलीच वाढलेली होती. मग त्यांनी सुधीरला डोळे मिटायला सांगितलं आणि एक जाड नायलॉनचा धागा हातात घेतला. "तळव्याला धागा लागला की 'हो' म्हणा."

मी शेजारी उभी होते. धागा अंगठ्याला टेकला, वाकला. सुधीर गप्प. दुसऱ्या बोटाला. गप्प. चवड्याला तीन ठिकाणी. टाचेजवळ तो एकदा "हो" म्हणाला. उजव्या पायाला तर एकदाही नाही. थोडा वेळ गेला आणि डोळे मिटलेलेच ठेवून तो म्हणाला, "उजवा पाय करा ना सुरू, डॉक्टर."

डॉक्टरबाईंनी माझ्याकडं पाहिलं. बावीस वर्षांच्या संसारात मी त्याच्या रक्ताचे रिपोर्ट फायलीत लावले होते, तळवा कधी पाहिला नव्हता.

"झालं, सर," डॉक्टरबाई म्हणाल्या. "डोळे उघडा."

त्यांनी गोळ्या बदलल्या, रोज पाय बघायला सांगितलं आणि एक गोष्ट स्पष्ट केली, ती या लेखातून तुम्ही नक्की घेऊन जा. पातळ तळाचे जोडे सगळ्यांसाठी नाहीत. ज्यांच्या पायाला जाणीव कमी आहे त्यांना रुंदी हवी, पण तळ जाड आणि आत मऊ गादी हवी. मावशीही तेच म्हणाल्या. "दादाचं माप आता न्हाय घेनार. जखम भरू द्या. मग या." माझ्याकडून त्यांनी आगाऊ पैसेसुद्धा घेतले नाहीत. परतीला मी गाडी चालवली. पुण्यापर्यंत सुधीर चपलेत होता आणि टोकदार जोडे डिकीत.

साडेतीन आठवड्यांनी जखम भरली आणि आम्ही पुन्हा गेलो. माझे जोडे तयार होते. चोवीसशे रुपये, तपकिरी, वर एक पट्टा. पाय घातला आणि करंगळी शेजारणीच्या खालून बाहेर आली. सुधीरचे तिथंच राहून दोन दिवसांत करून घेतले. काळेच, पण पुढून रुंद, आत एकही शिवण नाही, तळ दुप्पट जाड. त्याचे तीन हजार. राहायला हमरस्त्यावर साधी लॉज मिळते, तिथं ट्रकच्या आवाजाची तयारी ठेवा.

येताना मुद्दाम धाराशिवमार्गे येडशीला वळलो. धाराशिवला गुलाबजाम खाल्ल्याशिवाय पुढं जाऊ नका, असं मी इतरांना सांगेन. आम्ही एक मागवला, त्याला चतुर्थांश, बाकी माझा. येडशीजवळ रामलिंगचं देऊळ रानात, खोलगट जागी आहे. माकडांपासून पिशवी सांभाळा. झाडाच्या मुळांवरून, दगडांवरून उतरताना प्रत्येक खडबड मला तळव्याला कळत होती, आणि सुधीर दर थांब्याला बसून जोडा काढून उलटा झटकत होता. एका बाईंनी विचारलंही, "काय हरवलं का?" तो म्हणाला, "नाही, बघतोय फक्त."

आता घरी येऊन चार महिने झाले. नवे जोडे घेणाऱ्यांनी एक करा, पहिला आठवडा घरातच तासभर घाला. माझ्या पोटऱ्या आठ दिवस दुखल्या, मग शाळेचे पाचही तास निघू लागले. वर आलेलं हाड काही मागं गेलेलं नाही, तसा चमत्कार कुणी सांगितला तर विश्वास ठेवू नका. ठणका मात्र गेला. सुधीरच्या बँकेत सुरुवातीला दोघे-तिघे हसले. मग त्यातल्याच एकानं मावशींचा पत्ता मागितला, त्यालाही साखर आहे.

त्याच्या पायाची जाणीव परत येईल का, असं मी इथल्या डॉक्टरांना विचारलं. फारशी नाही, म्हणाले. म्हणून ते काम आता माझ्या डोळ्यांकडं आलंय. रोज संध्याकाळी चहा झाला की तो खिडकीजवळ बसतो आणि मी चष्मा लावून त्याचे तळवे, बोटांच्या फटी बघते. पहिले काही दिवस तो लाजायचा, टीव्हीकडं तोंड करायचा. काल मी डावा पाय बघून नेहमीप्रमाणं "ठीक आहे" म्हटलं आणि चष्मा काढायला गेले. त्यानं पेपर वाचता वाचताच उजवा पाय उचलून माझ्या मांडीवर ठेवला.