पलंगाखालची मोटर आणि शिळं पाणी

गेल्या मंगळवारी आमच्या बिल्डिंगमध्ये महापालिकेची माणसं येणार होती, आणि मी सोमवारपासूनच धड जेवलो नव्हतो.

शुक्रवार पेठेत आमची तीन मजली जुनी बिल्डिंग. आठ बिऱ्हाडं. खाली नळ एकच, आणि तो माझ्या नावावर... म्हणजे काही झालं तर आधी मला धरणार.

झालं असं, की दारावर एक कागद चिकटवून गेले. जुन्या इमारतींमध्ये पाणी आणि वीज वाया जाऊ नये म्हणून शहराची योजना करायची आहे, त्याआधी काही इमारती बघणार, असं त्यात लिहिलं होतं. मी सातवी पास. कागद चार वेळा वाचला. चारही वेळा मला एकच अर्थ लागला... नळ तोडणार!

कारण आमच्या नळाला मोटर आहे. थेट नळालाच लावलेली. अशी लावायची नसते हे मलाही ठाऊक आहे. पण चार-पाच दिवसांनी पाणी येतं, तेही बोटाएवढ्या धारेनं. मोटरीशिवाय ते जिना चढत नाही. मोटर सापडली आणि नळ गेला, की आठ घरं हंडे घेऊन माझ्या दारात उभी राहणार.

नेमकं मंगळवारी सकाळीच पाणी आलं. सगळ्यांचं भरून झालं तशी मी घाईघाईनं मोटर सोडवली, घरात आणून पलंगाखाली ढकलली आणि वरून चादर जमिनीपर्यंत सोडली. वीज वाचवतो हे दिसावं म्हणून जिन्यातला बल्बही काढून ठेवला. आमच्या जिन्यात भर दुपारीही अंधार असतो, हे तेव्हा सुचलं नाही...

त्यामुळे महापालिकेच्या मॅडम आल्या त्या मोबाईलचा उजेड पाडत, भिंत चाचपडत. पंचविशीतली पोरगी, हातात फॉर्म. पहिलीच नोंद केली, 'जिन्यात दिवा नाही, पडायची भीती.' आणि घरात येऊन बसली कुठं? तर नेमकी पलंगावर.

समोरचे नरसय्याही येऊन बसले. आम्ही दोघं एकाच मिलमध्ये होतो. ते घरात तेलुगू बोलतात, माझी चेष्टा मात्र मराठीत करतात.

मॅडमनी विचारायला सुरुवात केली. गिझर आहे का, टाकी गळते का, पंखा जुना आहे का... मी प्रत्येकाला 'नाही' म्हणत होतो. डोक्यावर पंखा कुरकुरत फिरत होता, तरी त्यालाही नाही म्हणालो.

तेवढ्यात चादरीखालून पाण्याचा ओघळ निघाला... हळूहळू मॅडमच्या पायापर्यंत.

"आजोबा, तुमचा पलंग गळतोय?"

"फरशी पुसली होती," मी म्हणालो.

"कवा पुसली?" स्वयंपाकघरातून आमची मंडळी. "मोटर हाय ती, बाई. सकाळधरनं लपवत बसलेत. मला म्हणले बोलू नको. आता तुमचे पाय भिजाय लागले, किती येळ गप बसू?"

नरसय्या भिंतीला टेकून हसायला लागले. "अय्यो, माने! सगळी नोकरी झाली, मिलमधून सुताची एक बॉबिन लपवून आणता आली नाही तुम्हाला. आणि आता मोटर लपवताय?"

माझे हात आपोआप जोडले गेले. म्हटलं, काय करायचं ते मला करा, पण नळ तोडू नका. आठ घरं आहेत हो...

ती पोरगी उठून खाली फरशीवर बसली, कोरड्या बाजूला. म्हणाली, "आजोबा, मी तोडायला नाही, विचारायला आलेय. मोटर काढावीच लागेल. तुम्ही ओढता म्हणून गल्लीच्या टोकाला पाणी पोचत नाही, आणि वीज जाते ती वेगळीच. पण त्याऐवजी खाली सगळ्यांची मिळून एक टाकी करता येईल का, हेच तर योजनेत लिहायचंय. तुम्ही सगळ्यालाच नाही म्हणालात तर मी लिहू काय?"

मग मी सगळं खरं सांगितलं. अगदी पंख्यासकट.

शेवटी तिनं विचारलं, "खाली गल्ली एवढी ओली कशी? पाइप फुटलाय का?"

मंडळींनीच उत्तर दिलं. "फुटला न्हाय. आज पाणी आलं की! मग शिळं ओतून दिलं."

"शिळं म्हणजे?"

"चार दिसांचं. ताजं आल्यावर कोण पितंय ते?"

आठही घरं ओततात. माझ्या आईच्या वेळेपासून हेच बघत आलोय. त्यात काही वाया जातं असं कधी मनातही आलं नाही. आणि नळ नीट बंद करा म्हणून बिल्डिंगभर ओरडत फिरणारा मीच.

मॅडमनी पेन खाली ठेवलं. "आजी, आज नळाला पाणी आलं ते कुठून?"

"धरणातनं की."

"आणि धरणात ते कधीपासून आहे?"

मंडळी बोटांवर महिने मोजायला लागली. वैशाख, चैत्र, फाल्गुन... मागं मागं जात गेल्या पावसाळ्यापर्यंत पोचली आणि तिनं पदर तोंडाला लावला. "अगं बाई! म्हंजी ते येतानाच शिळं?"

नरसय्यांचं हसू तिथं थांबलं. त्यांनी सकाळीच अख्खं पिंप ओतलं होतं.

जाताना मॅडमनी मला पुढच्या बैठकीला यायला सांगितलं. टाकीचं बोला, आणि शिळ्या पाण्याचंही, हा प्रश्न आमच्या फॉर्मवर नव्हताच म्हणाली. मी म्हटलं, माझं शिक्षण सातवी. तर म्हणते, "फॉर्म करणारे सगळे इंजिनियर होते, आजोबा."

नळ शाबूत आहे. टाकीला सात घरं हो म्हणाली आहेत. आठवं नरसय्यांचं, ते मला आणखी चार दिवस छळून मग हो म्हणणार.

काल पाणी आलं. मोटर लावली नाही. जिन्यात पायरीपायरीवर माणसं उभी केली आणि हातोहात बादल्या वर नेल्या. मंडळींनी सवयीनं जुना हंडा उचलला, उंबऱ्यापर्यंत नेला, थांबली, आणि परत आत आणून ठेवला. "पिऊ की. पण आदी तुमी."

प्यालो. इतकी वर्षं लोक येऊन काय करायचं ते सांगून जायचे. तुम्ही काय करता, हे खाली बसून विचारणारी ही पहिलीच... त्या पोरीचे मनापासून आभार.

आज दुसरा दिवस. पोट ठीक आहे. तरी लक्ष ठेवून आहे.