वाढवलेला मुक्काम

ताई लंडनला शिकत असताना तुमचे आजोबा आणि मी तिच्याकडे राहायला गेलो होतो, ही हकिकत तुम्हा धाकट्यांना आजोबांकडून कळली आहे. त्यांच्या सांगण्यात लाल बस असते, नदीवरचा पूल असतो आणि शेवटी नातीने घराबाहेर काढल्याचा एक टोमणा असतो. टोमणा ते हसतच मारतात, पण ताई समोर असली की ती हसत नाही. म्हणून जे घडलं ते क्रमाने लिहून ठेवते. मी त्यात होते, आणि चूक बरीचशी माझी होती.

ताई राहायची ते घर चार मुलांनी मिळून भाड्याने घेतलेलं होतं. तिची खोली वरच्या मजल्यावर, आपल्या मिठबावच्या घरातल्या देवखोलीपेक्षा जराशी मोठी. एक पलंग, एक टेबल, एक कपाट. पलंग तिने आम्हाला दिला आणि स्वतः हवा भरायच्या गादीवर खाली झोपू लागली. सकाळपर्यंत गादीतली हवा निघून गेलेली असायची. मला बाथरूमला जायचं तर तिला ओलांडून जावं लागे, आणि माझा गुडघा तर तुम्हाला माहीतच आहे.

स्वयंपाकघर चौघांत एक आणि फ्रिजमध्ये प्रत्येकाची एक फळी. दुसऱ्याच दिवशी ताई बाहेर गेल्यावर मी चारही फळ्या पुसल्या आणि सगळे डबे उंचीप्रमाणे लावले. संध्याकाळी एक मुलगा अर्धा तास आपलं चीज शोधत होता. ताईने त्याची माफी मागितली, इतर दोघांचीही मागितली. मला काही बोलली नाही. तेव्हाच मला कळायला हवं होतं की ही मुलगी मला काही बोलणार नाही.

ती पहिल्याच दिवशी म्हणाली होती की सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात तिला प्रबंध द्यायचा आहे. तो वेळेत दिला तर पदवी वेळेत, आणि पदवी वेळेत मिळाली तरच ठरलेली नोकरी. मी तीस वर्षं शाळेत शिकवलेली बाई. मान हलवली आणि म्हटलं, "तू तुझा अभ्यास कर हां, आमची काळजी करू नको."

पण काळजी तर तिलाच करायची होती. आम्हाला रस्ता ठाऊक नाही, गरम पाण्याचा नळ कुठल्या बाजूला फिरवायचा ते ठाऊक नाही. आजोबांना सकाळी सहाला चहा लागतो आणि तो कपबशीत लागतो. त्या घरात बशी नव्हती. ताईने एक विकत आणली. रोज दुपारी ती आम्हाला काहीतरी दाखवायला न्यायची. जमिनीखालच्या गाडीचे जिने मी एकेक पायरी करून उतरायचे, आणि ती चार पायऱ्या खाली थांबून वर बघत असायची. मला वाटायचं, किती माया आहे. ती मनात तास मोजत होती हे आज कळतं.

दोन आठवडे असे गेले. निघायच्या आदल्या दिवशी आम्ही बॅगा भरल्या. ताई दारात उभी राहिली आणि म्हणाली, "इतक्यात खंय जातास? रवा की आणखी दोन आठवडे."

आता इथे आपल्याकडची रीत सांगायला हवी, कारण तुमचं सगळं बालपण बाहेर गेलं. आपल्या भागात निघालेल्या पाहुण्याला कोणी सहज जाऊ देत नाही. राहा म्हणतात, पिशवी काढून घेतात, चपला लपवतात. पाहुणा नको म्हणतो. पुन्हा राहा, पुन्हा नको. तिसऱ्यांदा नको म्हटल्यावर त्याच्या हातात नारळ देतात आणि एसटीपर्यंत सोडायला जातात. अडवणाऱ्याला आणि जाणाऱ्याला दोघांनाही शेवट आधीच ठाऊक असतो. न अडवलेला पाहुणा मात्र दहा वर्षं बोलून दाखवतो.

ताईने रीत पाळली. मी माझं पहिलं 'नको' म्हणायच्या आत आजोबा बॅगेवर बसले.

"रवतंव!" ते म्हणाले.

"अहो, तिकिटा काढलेली आसत."

"तिकिटा बदलूक येतत. गणपतीच्या चवथीआदी पोचलंव म्हणजे झाला. नात रवा म्हणता आणि आपण तोंड फिरवून जावचा? बरा दिसता काय ता?"

मी ताईकडे पाहिलं. सगळ्या वर्गाने हात वर केला म्हणून आपणही करावा आणि नेमकं आपल्यालाच उभं करावं, तसा तिचा चेहरा झाला होता. क्षणभरच. मग ती हसून म्हणाली, "होय गो आजी, रवा."

तो चेहरा मी ओळखला. आयुष्यभर तेच चेहरे पाहिले होते. मी दोनदा नको म्हटलं असतं तर आजोबा कुरकुरत उठले असते. पण गुडघा सुजला होता, पुन्हा विमानात बसायचं जिवावर आलं होतं, आणि दोन वर्षांनी नात डोळ्यांसमोर होती. मी म्हटलं, "बरा." तो शब्द माझा. तिकिटं बदलायला ताई ती सगळी दुपार कानाला फोन लावून जिन्यात बसली होती.

पुढचे दिवस आम्ही तिघंही थकलेलो होतो आणि तिघंही एकमेकांना मजा येते आहे असं दाखवत होतो. आजोबांना शहराचा कंटाळा आला होता, पण रवतंव म्हणून बसल्यावर सांगणार कोणाला? दिवसभर खिडकीतून समोरच्या घराचे पाइप बघत.

एकदा पहाटे पाचला मी पाणी प्यायला खाली गेले. ताई स्वयंपाकघरात लॅपटॉपसमोर डोकं टेकून झोपली होती. गालावर टेबलाची कड उमटली होती. तिला उठवून वर नेलं. ती गादीवर पडल्यापडल्या झोपली, आणि मी पहिल्यांदा कपाटाच्या दारावर चिकटवलेला कागद चष्मा लावून वाचला.

ते वेळापत्रक होतं. शाळेचं वेळापत्रक वर्षानुवर्षं मीच करत असे, त्यामुळे मला ते वाचायला वेळ लागला नाही. दिवसांचे चौकोन, चौकोनांत प्रकरणं. पहिले चौदा चौकोन कोरे होते, त्यात फक्त 'आजी-आजोबा' लिहिलेलं. पंधराव्यापासून तिने काम आखलं होतं, एक दिवसही वाया न घालवता, अगदी शेवटच्या तारखेपर्यंत. मी आखलं असतं तर तसंच. त्या सगळ्या चौकोनांवर आता पेन्सिलीचे बाण होते. तिसरं प्रकरण तीनदा पुढे ढकललेलं. शेवटचे नऊ दिवस उरले होते आणि ढकलायला जागा नव्हती.

सकाळी आजोबा आंघोळीला गेले तेव्हा मी तिच्याशी इंग्रजीत बोलले. मालवणीत हे विचारताच येत नाही, आणि विचारलं तर खरं उत्तर मिळत नाही. मी विचारलं, आम्ही इथे राहिलो तर तुझा प्रबंध वेळेत होईल का? हो किंवा नाही.

तिने कपाटावरच्या कागदाकडे पाहिलं. मग म्हणाली, नाही. आणि मग रडत मालवणीतच बोलली, "आईन सांगल्यान होता, निघताना रवा म्हण. माका वाटला तू नको म्हणतलंस."

"चुकला गो माझा," मी म्हटलं.

माझ्या चुलत भावाचा मुलगा, आरोंद्याचा, तिथून रेल्वेने दोन तासांवर राहतो. आम्ही आल्यापासून तो फोनवर सारखा बोलावत होता. पण त्याचं बोलावणं खरं की रीतीचं, हे मला आता ठाऊक नव्हतं. त्याला सरळ विचारलं, "आठ दिवस येऊ काय? हो म्हणूचा म्हणून म्हणू नको."

तो हसला. "आत्या, येवा. शनिवार-रविवार आमी घराक नाय, चावी देतंय. जेवण मात्र तुका करूचा लागतला."

इतकं स्वच्छ आमंत्रण मला आयुष्यात कोणी दिलं नव्हतं.

आठ दिवस भाच्याकडे जायचं आणि का, ते मी आजोबांना सांगितलं. त्यांनी स्वतःची बॅग स्वतः भरली, जे ते कधी करत नाहीत. स्टेशनावर ताईने आणलेला चहा घेतला नाही. गाडी आली तेव्हा तिला म्हणाले, "आमचो तुका त्रास झालो, माफ कर हां बाय." रागावून बोलले असते तर बरं झालं असतं. ती फलाटावर उभी राहून रडत होती, आणि मी तिला खिडकीतून हाताने खूण करत होते, घरी जा, लिहायला बस.

भाच्याकडे दोन दिवस त्यांनी अबोला धरला. तिसऱ्या दिवशी आपल्या आईचा दाखला देत म्हणाले, "माझ्या आवशीन कधी कोणाक घरातसून भायर जा म्हणूक नाय."

"तुमची आवस प्रबंध लिवत नव्हती."

"पण पावणो तो पावणो."

"आणि त्या पावण्यांची जेवणा कोण करी?"

उत्तर त्यांच्या समोरच बसलं होतं. लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी वार्षिक परीक्षेचे पेपर मी चुलीच्या उजेडात तपासले आहेत, माजघरात नऊ पाहुणे असताना. एका मुलीचे गुण बेरजेत चुकले आणि ती नापास ठरली. निकाल लागल्यावर ते दुरुस्त झालं, पण त्या मुलीचा तो एक दिवस गेलाच. मला कोणी विचारलं नव्हतं की हे पाहुणे असताना तुझं काम होईल का. हे सगळं मी त्यांना तेव्हा पहिल्यांदा सांगितलं. ते उठून बागेत गेले आणि भाच्याच्या गुलाबांच्या वाळक्या फांद्या कापू लागले. पुढचे दिवस रोज तेच करत.

शेवटच्या तारखेला मी सकाळपासून फोनजवळ होते. संध्याकाळी चारच्या सुमारास तो वाजला.

"आजी, दिलंय."

"वेळेत?"

"चाळीस मिनिटा आदी."

मी विचारलं, पानांचे क्रमांक तपासलेस ना? ती हसली की रडली ते मला कळलं नाही. म्हणाली, नंतर बोलतंय, आणि फोन ठेवला.

मी बागेत जाऊन आजोबांना सांगितलं. त्यांनी मान वर केली नाही. एक फांदी कापली, दुसरी कापली.

"जेवली काय ती?"

"माका खबर नाय."

"मगे इचार."

मी फोन लावला. बराच वेळ वाजत राहिला.

"उचलना नाय," मी म्हटलं.

"ठेव तर. झोपली आसतली." त्यांनी कात्री गवतावर ठेवली आणि बाकावर माझ्यासाठी जागा केली. आम्ही दोघं तिथे बसून राहिलो. चहाची वेळ झाली होती, पण उठून करायचं बळ दोघांतही नव्हतं.