प्यादमात

"वजिरानं कोनीबी मारते, प्याद्यानं मारून दाखवा," असं भावसिंग राठोड एकदा तांड्यात म्हणाला होता. दारव्ह्याजवळच्या त्या तांड्यात प्याद्यानं केलेली मात हीच खरी मात. वजिरानं केली तर हरलेलासुद्धा हसतो.

असं हसायला देवीलाल होता. तीस वर्षं दोघं रोज दुपारी खेळले. गेल्या पोळ्याआधी देवीलाल वारला. पोरं मोबाइलवर खेळतात. पटाला कुणी हात लावत नाही. भावसिंग दोन्ही बाजूंनी एकटाच खेळायचा आणि दोन्ही बाजूंनी हरायचा.

म्हणून अठ्ठावन्नाव्या वर्षी तो यवतमाळच्या स्पर्धेत उतरला. जिल्ह्याच्या संघात निवड झाली तर समोर बसायला माणसं मिळणार होती. एवढंच हवं होतं.

निघताना बायको लालीबाई म्हणाली, "हारून आले तं पट चुलीत घालीन."

"घाल. जळनाच्या पऱ्हाट्या सरल्या वाटते."

चार डाव तो जिंकला. समोरचे मात होण्याआधीच डाव सोडून द्यायचे, त्यामुळे कशानं मारायचं हा प्रश्न आला नाही. शेवटचा डाव कॉलेजात शिकणाऱ्या निशिगंधाशी होता. हा जिंकला की संघात जागा.

बाविसाव्या चालीला त्याला मात दिसली. घोड्याच्या जोरावर वजीर राजाच्या पुढ्यात ठेवायचा, संपलं. प्याद्यानंही मात होत होती, फक्त आधी घोडा बाजूला घ्यावा लागणार होता, म्हणजे मधे तिला एक चाल मिळणार होती.

हात वजिराकडे गेला आणि थांबला. देवीलाल असता तर म्हणाला असता, "भावशा, चिमनीले तोफ लावली काय?"

त्यानं घोडा उचलला.

घोडा हलला तशी तिच्या हत्तीची वाट मोकळी झाली. निशिगंधानं हत्तीनं वजीर मारला. पुढच्या दहा चालींत त्याच्याकडे काहीच उरलं नाही. त्यानं राजा आडवा केला.

"काका, वजीर इथं आणला असता तर मी गेलेच होते," ती पटावर बोट ठेवून म्हणाली. तिला खरंच कळत नव्हतं. "दिसलं नाही का?"

दिसलं म्हणावं, तर का खेळलो नाही ते सांगावं लागणार. न सांगता ज्याला कळलं असतं, तो आता नव्हता. नाही दिसलं म्हणावं, तर तीस वर्षं खोटी.

पंचांनी निकालाचा कागद पुढे केला. भावसिंगनं सही केली. आडवा पडलेला राजा उचलून त्याच्या घरात उभा केला, दाराशी चपला पायात सरकवल्या आणि बाहेर पडला.